रिझर्व्ह बँकेचा स्टॅबिलिटी रिपोर्ट: फुकट आहे, पण ठेवीदाराला किती कामाचा?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका पीडीएफचा आहे. रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरच्या शेवटी, फायनान्शियल स्टॅबिलिटी रिपोर्ट काढते, आणि त्यात देशातल्या बँकांची स्ट्रेस टेस्ट असते, म्हणजे उद्या अर्थव्यवस्थेचं फारच वाईट झालं तर या बँका तग धरतील का याचं गणित. २०१० पासून हे चालू आहे, वेबसाइटवर फुकट पडलेलं असतं, आणि तरी ज्यांच्या आयुष्यभराच्या एफडी बँकेत आहेत अशा माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. मी आमच्या हाउसिंग सोसायटीची खजिनदार आहे, सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड सहकारी बँकेत एफडी करून ठेवलेत, ते पैसे माझ्या एकटीचे नाहीत, सगळ्या बिल्डिंगचे आहेत, म्हणून बँक किती पक्की आहे हा प्रश्न मी "बघू नंतर" म्हणून सोडू शकत नाही. त्या गरजेपोटी हा रिपोर्ट वाचायला लागले आणि आता दर अंकाची वाट बघते. हा रिव्ह्यू जून २०२५ चा अंक समोर ठेवून लिहितेय, जुन्या अंकांतले आकडे जिथे लागतील तिथे घेतलेत.

मिळतं काय ते आधी. शंभराच्या वर पानं, चार्ट भरपूर, भाषा इंग्रजी (हिंदी आवृत्तीही येते, मराठी नाही, आणि ज्या बँकेचं हेड ऑफिस मुंबईत फोर्टात आहे तिने मराठीत निदान दहा पानांचा सारांश तरी काढायला हवा असं मला मनापासून वाटतं). पहिलं प्रकरण जगाचं आणि देशाचं: व्याजदर, डॉलर, युद्धं, शेअर बाजार. वेळ नसेल तर ते सरळ सोडा. खरा माल दुसऱ्या प्रकरणात आहे, तिथे बँकांची तब्येत आणि स्ट्रेस टेस्टचे निकाल, त्यानंतर एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या), म्युच्युअल फंड, विमा कंपन्या. तिसरं प्रकरण नियमांचं, आणि शेवटी परिशिष्टात टेस्ट कशी केली त्याची रीत दिलेली असते. ती अवघड आहे पण दिलेली आहे हे महत्त्वाचं, गणित झाकून ठेवलेलं नाही.

वाचायला दोनच आकडे समजले तरी पुरे. एक ग्रॉस एनपीए, म्हणजे शंभर रुपये कर्ज दिलं त्यातलं किती थकलं. दुसरा सीआरएआर, म्हणजे बँकेने जोखीम घेतली त्या प्रत्येक शंभर रुपयांमागे बँकेचं स्वतःचं भांडवल किती. नियम सांगतो हे किमान ९ हवं, वरचं राखीव भांडवल धरलं तर ११.५. कर्ज बुडालं की आधी त्या वर्षाचा नफा जातो, मग हे भांडवल जातं, आणि ते संपलं की मग आपल्या ठेवींची पाळी. स्ट्रेस टेस्ट म्हणजे एवढंच बघायचं, की वाईट काळात ही मधली भिंत किती पातळ होते.

उदाहरण घेऊ, आकडे माझ्या मनचे. एका बँकेने १,००० कोटी कर्ज दिलंय, भांडवल १५० कोटी, म्हणजे सोप्या हिशोबात १५ टक्के. आता धरा मंदी आली, ६० कोटीचं कर्ज नव्याने थकलं, त्यातलं निम्मं वसूल झालं, निम्मं म्हणजे ३० कोटी गेले. त्या वर्षी १२ कोटी नफा झाला होता तो आधी खाल्ला, उरलेले १८ कोटी भांडवलातून गेले, भांडवल राहिलं १३२, कर्ज राहिलं ९७०, भागाकार केला की १३.६ टक्के. बँक व्यवस्थित उभी. आता तीच बँक, तेच १,००० कोटी, पण त्यातले २०० कोटी एकाच बिल्डर ग्रुपला दिलेले आणि तो ग्रुप बसला, निम्मे पैसे गेले. १०० कोटीचा खड्डा, नफ्याचे १२ वजा जाता ८८ भांडवलातून, उरले ६२ कोटी, ९०० वर ६२ म्हणजे ६.९ टक्के. म्हणजे बँक नियमाच्या खाली. किती कर्ज थकलं याच्याइतकंच ते किती जणांकडे वाटलेलं होतं हेही का बघायचं ते या दोन ओळींत कळतं, आणि रिपोर्टमध्ये हे दोन्ही प्रकार वेगवेगळे केलेले असतात. पहिल्याला मॅक्रो स्ट्रेस टेस्ट म्हणतात, जीडीपी, महागाई, व्याजदर बिघडवून सगळ्या बँकांवर काय होईल ते बघायचं. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, एकेक धक्का वेगळा: सगळ्यात मोठा कर्जदार बुडाला तर, मोठे दोन बुडाले तर, तीन बुडाले तर, व्याजदर अचानक अडीच टक्क्यांनी चढला तर, विमा नसलेल्या ठेवींतला दहा-पंधरा टक्के हिस्सा लोकांनी एकदम काढायला घेतला तर.

आमच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा इंजिनियरने भूकंप करून बघितला नाही, कॉलम ठोकून, गाभ्याचा नमुना काढून, किती भार झेपेल ते कागदावर मांडलं. इथेही तेच चालतं, आणि तिथे जशी नमुना कुठून काढला यावर सगळी भिस्त असते तशीच इथेही आहे, त्यावर खाली बोलते कारण माझ्या मते या रिपोर्टचा सगळ्यात नाजूक भाग तोच आहे.

जून २०२५ चा निकाल काय होता? मार्च २०२५ ला बँकांचा ग्रॉस एनपीए २.३ टक्के होता, कित्येक दशकांतला नीचांक. टेस्टमध्ये ४६ मोठ्या बँका घेतल्या. नेहमीसारखं चालू राहिलं तर मार्च २०२७ पर्यंत हा आकडा २.५ होईल, आणि दोन वाईट चित्रं रंगवली, त्यात एकात ५.६ आणि दुसऱ्यात ५.३. भांडवलाचं सांगायचं तर १७.२ वरून सरळ काळात १७.०, आणि वाईट काळात १४.२ किंवा १४.६. म्हणजे सगळ्यात वाईट चित्रातही एकूण व्यवस्था ९ च्या बरीच वर. २०१८ मध्ये हाच एनपीए ११ टक्क्यांच्या पुढे गेला होता हे ज्यांना आठवतं त्यांना या आकड्याचं मोल कळेल. सरकारी बँकांत भांडवल ओतून, दिवाळखोरीचा कायदा आणून, एकेक बँक दुसरीत विलीन करून इथवर यायला किती वर्षं गेली, आणि ते सगळं या रिपोर्टच्या जुन्या अंकांत पायरी पायरीने दिसतं. मला हा भाग खूप आवडतो. जुने अंक काढून ठेवलेले नाहीत, सगळे साइटवर आहेत, आणि त्यामुळे रिझर्व्ह बँकेने तेव्हा काय म्हटलं होतं आणि पुढे काय झालं हे कुणालाही घरबसल्या पडताळता येतं. स्वतःचं प्रगतिपुस्तक असं उघडं ठेवणाऱ्या संस्था आपल्याकडे फार नाहीत.

तर पडताळून बघूच, कारण रिव्ह्यू म्हटलं की तो प्रॉडक्ट सांगितलेलं काम करतो का हा प्रश्न येणारच.

डिसेंबर २०१५ चा अंक. तेव्हा एनपीए ५.१ टक्के होता. अंदाज दिला की सप्टेंबर २०१६ पर्यंत ५.४ होईल, मग जरा सुधारेल, आणि अगदी तीव्र ताणाच्या चित्रात मार्च २०१७ पर्यंत ६.९. प्रत्यक्षात मार्च २०१६ लाच आकडा ७.६ झाला. म्हणजे सगळ्यात वाईट चित्रात जे सव्वा वर्षात होणार होतं त्याच्या पुढे गाडी तीन महिन्यांत गेली, आणि तेसुद्धा देशात मंदी वगैरे काही न येता. कारण काय, तर रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने अॅसेट क्वालिटी रिव्ह्यू केला, बँकांच्या वह्या उघडून बघितल्या, आणि जी कर्जं बँका "चालू आहेत" म्हणून दाखवत होत्या, जुन्याचे हप्ते भरायला नवं कर्ज देऊन जिवंत ठेवत होत्या, ती थकलेली म्हणून लिहायला लावली. कर्ज आधीच बुडालेलं होतं, फक्त वहीत दिसत नव्हतं. मॉडेलला जे आकडे दिले त्यावर त्याने उत्तर काढलं, ते आकडेच खोटे असतील तर मॉडेल काय करणार.

आता उलटं टोक. जुलै २०२० चा अंक, लॉकडाउन चालू. एनपीए ८.५ होता, अंदाज आला मार्च २०२१ पर्यंत १२.५, आणि अतितीव्र चित्रात १४.७. त्यावेळी टीव्हीवर केवढा गोंधळ झाला होता. जानेवारी २०२१ चा अंक तर अजून पुढे गेला, सप्टेंबर २०२१ पर्यंत १३.५ म्हणाला, तेही साध्या चित्रात. झालं काय? मार्च २०२१ ला साधारण साडेसात, सप्टेंबर २०२१ ला ६.९, मार्च २०२२ ला ५.९, आणि तिथून खालीच. अंदाजाच्या निम्म्यावर. यामागेही कारणं आहेत: हप्ते सहा महिने थांबवले, छोट्या उद्योगांना सरकारच्या हमीवर तीन लाख कोटींपर्यंत कर्जाची योजना आली, सुप्रीम कोर्टाने काही महिने नवीन खाती एनपीए जाहीर करायला मनाई केली, कर्जं पुनर्रचित झाली. मॉडेलला यातलं काही माहीत नव्हतं, त्याला जीडीपी कोसळताना दिसला आणि त्याने जुन्या अनुभवावरून हिशोब मांडला.

म्हणून काही लोक म्हणतात की ही टेस्ट निरुपयोगी आहे, दोन्हीकडे चुकली. मला ते पटत नाही. रिपोर्ट स्वतः दर वेळी लिहितो की ही काल्पनिक चित्रं आहेत, भाकीत नाही. २०२० मध्ये बँका भांडवल गोळा करायला बाजारात उतरल्या, रिझर्व्ह बँकही तेव्हा सतत तेच सांगत होती, आणि ती तयारी पुढे कामाला आली. वाईट दिवस आला नाही म्हणून तयारी वाया गेली असं होत नाही. पण २०१५ ची चूक मात्र मला वेगळी वाटते, जास्त गंभीर, कारण ती भविष्याची नव्हती, त्या दिवशीच्या वहीची होती. तेव्हापासून मी कुठलाही स्ट्रेस टेस्टचा निकाल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारते की आजचा आकडा खरा कशावरून.

आणि हा प्रश्न महाराष्ट्रातल्या माणसाने तर विचारलाच पाहिजे, कारण पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. मार्च २०१९ ला पीएमसीच्या कागदावर ग्रॉस एनपीए ३.७६ टक्के होता. कुठलीही स्ट्रेस टेस्ट त्या कागदावर लावली असती तर बँक आरामात पास. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि मग बाहेर आलं की एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के एकाच बिल्डर ग्रुपला, एचडीआयएलला, गेलेलं होतं आणि ते लपवायला २१ हजारांवर बनावट खाती तयार केली होती. वर मी जो २०० कोटींच्या बिल्डरचा हिशोब मांडला तो या प्रकरणापुढे काहीच नाही. भांडुप, मुलुंडपासून पंजाबपर्यंत पसरलेल्या ब्रँचबाहेर जे लोक उभे होते त्यांचे चेहरे आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलेत. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीवाल्यांचे पैसे वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत अडकले. पुण्यात रुपी बँकेचं त्याहून लांबलं, २०१३ पासून निर्बंध आणि २०२२ मध्ये लायसन्सच रद्द. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह, १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा, पुन्हा रांगा, आणि ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीनीकरण. या तिन्ही ठिकाणी ठेवीदारांना आधी काही कळलं नव्हतं. अपहार स्ट्रेस टेस्टने पकडता येत नाही, ते ऑडिटरचं आणि इन्स्पेक्शनचं काम आहे, हे मान्य. पण मग रिपोर्टने तेवढ्याच ठळकपणे हेही लिहावं की हा निकाल बँकांनी दिलेल्या आकड्यांवर उभा आहे. परिशिष्टात शोधलं की असं काहीतरी सापडतं, पण जे परिशिष्ट कुणी उघडत नाही तिथे ते असून नसल्यासारखं.

आता माझी मोठी तक्रार. नावं नाहीत. जुलै २०२० च्या अंकात लिहिलं होतं की अतितीव्र ताणात पाच बँका किमान भांडवलाच्या खाली जाऊ शकतात. कुठल्या पाच? ते नाही सांगणार. ज्याची एफडी त्या पाचपैकी एकीत आहे त्याला ही माहिती असून काय उपयोग, उलट झोप उडते आणि करता काहीच येत नाही. यामागचं कारण मला कळतं, नाव छापलं तर दुसऱ्या दिवशी त्या ब्रँचबाहेर रांग लागेल आणि जी बँक कदाचित तरली असती ती त्या रांगेनेच बुडेल. कारण खोटं नाही. पण जगात दुसऱ्यांनी याच्यावर मार्ग काढलाय. अमेरिकेने २००९ मध्ये, संकट चालू असताना, १९ मोठ्या बँकांची टेस्ट केली आणि मे महिन्यात नावानिशी निकाल छापले, त्यात १० बँकांना मिळून जवळपास ७५ अब्ज डॉलर भांडवल कमी पडतंय असं उघड सांगितलं. लोक पळाले नाहीत, उलट बाजार शांत झाला, कारण त्याच वेळी सरकारने सांगितलं होतं की बाजारातून भांडवल मिळालं नाही तर आम्ही देऊ. म्हणजे नाव छापणं आणि मागे पैसा उभा करणं हे दोन्ही एकत्र हवं, नुसतं नाव छापणं धोक्याचं आहे. २०१२ पासून तिथे दर वर्षी नावासकट निकाल येतात. २०२५ चा बघा: २२ बँका, चित्र असं की बेकारी १० टक्क्यांवर जाते, घरांच्या किमती ३३ टक्के पडतात, ऑफिस-दुकानांच्या ३० टक्के, आणि तरी सगळ्या मिळून मूळ भांडवल १३.४ वरून ११.६ वर थांबतं. कुठल्या बँकेचं किती घसरलं ते तक्त्यात दिसतं.

तिकडचं सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही. युरोपमध्ये जुलै २०११ मध्ये डेक्सिया नावाची बँक टेस्टमध्ये चांगल्या मार्कांनी पास झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारांना तिला वाचवायला धावावं लागलं, कारण टेस्टमध्ये सरकारी रोखे बुडण्याचा आणि रोख पैसा आटण्याचा धक्का नीट धरलाच नव्हता. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक दोन दिवसांत गेली. २०१८ मध्ये कायदा सैल केल्यामुळे त्या आकाराच्या बँकेला टेस्टची सक्ती तोपर्यंत लागू झाली नव्हती, आणि लागू असती तरी त्या काळातल्या मुख्य चित्रात मंदी आणि पडणारे व्याजदर धरले होते, खऱ्या आयुष्यात व्याजदर झपाट्याने चढले आणि जुन्या रोख्यांची किंमत पडली. चुकीच्या दिशेचा वारा धरून भिंत तपासली. इथे मात्र आपल्या रिपोर्टचं कौतुक करायला पाहिजे, व्याजदर चढण्याचा वेगळा धक्का आणि ठेवी पळण्याचा वेगळा धक्का हे दोन्ही आपल्याकडे सिलिकॉन व्हॅलीच्या कितीतरी आधीपासून दर अंकात असतात.

आणि नावं छापता येत नाहीत असं आपल्याकडेही नाही. म्युच्युअल फंडांचं बघा ना. मार्च २०२४ पासून स्मॉल कॅप आणि मिड कॅप फंडांना (म्हणजे छोट्या आणि मध्यम कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांना) शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सांगण्यावरून स्वतःची स्ट्रेस टेस्ट जाहीर करावी लागते, की खूप जणांनी एकदम पैसे मागितले तर पाव पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील आणि अर्धा विकायला किती. प्रत्येक फंडाचं नाव, समोर दिवस. लोकांनी वाचलं, चर्चा केली, कुणी फंड बदलला, कुणी नाही बदलला, आकाश कोसळलं नाही. मान्य आहे की फंड आणि बँक वेगळ्या गोष्टी, फंडात धोका आपलाच असतो हे लिहूनच घेतात. पण मग ज्याने धोका नको म्हणून बँकेत पैसे ठेवले त्याला फंडवाल्यापेक्षा कमी माहिती मिळावी हे मला उलटं वाटतं.

दुसरी तक्रार नागरी सहकारी बँकांच्या भागाबद्दल. भाग आहे, त्यांच्यावरही कर्ज बुडण्याचे, व्याजदराचे, रोख पैशाचे धक्के लावून बघतात, टियरप्रमाणे, म्हणजे बँकेच्या आकाराप्रमाणे, वाटून निकाल देतात, हे चांगलंच आहे. पण मोठ्या बँकांना पानंच्या पानं आणि यांना त्या मानाने थोडक्यात. देशात नागरी सहकारी बँका सगळ्यात जास्त आपल्या राज्यात आहेत, निर्बंधही इथेच लागतात, सोसायट्या, छोटे दुकानदार, पेन्शनर यांचे पैसे तिथे आहेत. राज्यवार तक्ता दिला तरी किती फरक पडेल.

वापरायचा कसा, तर माझी पद्धत सांगते. मी दुसऱ्या प्रकरणातून एकूण व्यवस्था कुठे आहे ते बघते, मग तीच मापं घेऊन आपल्या बँकेच्या वार्षिक अहवालाकडे जाते. मोठी बँक असेल तर तिच्या साइटवर बेसल थ्री की पिलर थ्री नावाने खुलासे असतात, त्यात व्याजदर हलला तर बँकेच्या उत्पन्नावर किती परिणाम होईल ते दिलेलं असतं, म्हणजे एका बँकेपुरती छोटी स्ट्रेस टेस्टच ती. सहकारी बँक असेल तर ताळेबंदानंतरच्या टिपा वाचा, त्यात सगळ्यात मोठ्या २० कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के आहे आणि सगळ्यात मोठ्या २० ठेवीदारांच्या ठेवी किती टक्के आहेत ते छापावं लागतं. माझ्यासाठी एनपीएपेक्षा हा आकडा मोठा. २० जणांकडे ८-१० टक्के असेल तर मी निवांत असते, तो दर वर्षी वाढतोय असं दिसलं तर प्रश्न विचारते. पीएमसीनंतर, मार्च २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांवर मर्यादा घातली की एका कर्जदाराला टियर वन भांडवलाच्या (म्हणजे बँकेच्या मुख्य भांडवलाच्या) १५ टक्के आणि एका ग्रुपला २५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येणार नाही. माझ्या उदाहरणातल्या १५० कोटी भांडवलाच्या बँकेला त्या हिशोबाने एका ग्रुपला साडेसदतीस कोटीच देता येतील, २०० नाही. म्हणजे त्या ग्रुपने सगळं बुडवलं तरी बँक ९ च्या वर राहते. करून बघा, सोपं गणित आहे.

आमच्या एका सहकारी बँकेच्या, नाव घेत नाही, सर्वसाधारण सभेत मी विचारलं होतं की तुम्ही स्वतः स्ट्रेस टेस्ट करता का आणि करत असाल तर सभासदांना निकाल दाखवणार का. स्टेजवरून उत्तर आलं की रिझर्व्ह बँकेचं इन्स्पेक्शन झालंय, काळजी नसावी, आणि पुढचा विषय डिव्हिडंड. मला ते अजिबात आवडलं नाही. सभासद म्हणजे मालक, मालकाने विचारलेल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर हवं. पुढच्या सभेला आम्ही काही सोसायट्यांचे खजिनदार मिळून लेखी प्रश्न आधीच पाठवणार आहोत, लेखी पाठवलं की टाळता येत नाही आणि इतिवृत्तात येतं.

बाकी एक गोष्ट रिपोर्ट वाचा किंवा नका वाचू, कराच. ठेव विमा ५ लाखांचा आहे, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी कितीतरी वर्षं एकच लाख होता. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका ठेवीदाराला, चार ब्रँचमध्ये चार एफडी ठेवल्या तरी मिळून पाचच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत हे पैसे देण्याची तरतूद झाली, पीएमसीच्या लोकांनी जो त्रास काढला त्यातून आलेली तरतूद आहे ती. सोसायटीचा फंड ५ लाखांपेक्षा मोठा असतो, त्यामुळे आम्ही तो तीन बँकांत वाटला आणि त्यातली एक मुद्दाम मोठी शेड्यूल्ड बँक घेतली. कमिटीत कुरकुर झाली, अर्धा टक्का व्याज कमी मिळतं म्हणून, पण वरचे तक्ते प्रिंट काढून मीटिंगमध्ये वाटले आणि ठराव पास झाला.

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. गणित उघडं ठेवल्याबद्दल, जुने अंक जपल्याबद्दल आणि व्याजदर-ठेवींचे धक्के न चुकता लावल्याबद्दल पूर्ण मार्क. बँकनिहाय काहीच न दिल्याबद्दल एक कापला, सहकारी बँकांना कमी जागा आणि मराठी सारांश नाही म्हणून अर्धा. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी जून २०२५ चा अंक उघडा, सुरुवातीचा ओव्हरव्ह्यू वाचा, मग थेट दुसऱ्या प्रकरणात जा आणि सीआरएआरचा चार्ट शोधा, आणि त्यासोबत स्वतःच्या बँकेचा वार्षिक अहवाल शेजारी उघडा ठेवा. सहकारी बँकेचे सभासद असाल तर ब्रँचमध्ये मागा.